उलाळ

गाडीच्या हुकात 'खट्' असा आवाज येत असे. स्पीडब्रेकरवर एकदा, ओढ्याच्या फरशीवर दोनदा आणि ऊस वाहून खचलेल्या पाणंदीत तर मोजदादच नाही. जीपचा हुक आणि ट्रेलरचा दांडा यांना जोडणारी पिन झिजली असणार, असं धरून मी चार हंगामांत ती तीनदा बदलली. तिसरी तर स्वतः लेथवर उभा राहून कातली, ईएन-८ च्या बारमधून, हातानं दाबूनच आत जाईल अशी. आठ दिवस ती गप्प बसली. नवव्या दिवशी पुन्हा खट्.

माझं काम ऊसपट्ट्यातलं. पलूसपासून वाळव्यापर्यंत कृष्णाकाठच्या रानात तोडणी यंत्रं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, टायरगाड्या जिथं मोडतील तिथं जाऊन उभ्या करायच्या. हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि मार्चपर्यंत दिवसरात्र चालतो. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की वाळतो, वजन घटतं, उतारा घटतो. म्हणून रात्री दोनलाही फोन येतो आणि जावंच लागतं. ११ वर्षांपूर्वी भंगारातल्या ट्रॉलीचा आख आणि पाटे घेऊन मी ८ बाय ५ फुटांचा बंदिस्त ट्रेलर बांधला आणि सगळं दुकान त्यात बसवलं. जनरेटर, वेल्डिंग सेट, ऑक्सिजनचं नळकांडं आणि गॅस, ग्राइंडर, पाने, जॅक, साखळदंड. आणि व्हाइस.

व्हाइसबद्दल सविस्तर लिहायलाच हवं, कारण खोड तिथूनच लागली. तो वडिलांचा. ते किर्लोस्करवाडीत फिटर होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या ज्या माळावर कारखाना उभा केला, त्या माळाची शिस्त आमच्या घरात जेवणाच्या पाटापर्यंत आली होती. व्हाइस ६ इंची, बिडाचा, जबड्यांच्या कडा अजून बोटाला लागाव्यात अशा. वडील गेल्यावर भावांनी घर वाटून घेतलं, मी व्हाइस मागून घेतला. ट्रेलर बांधला तेव्हा सगळ्यात आधी त्याचीच जागा ठरवली: मागच्या दाराशी, उजव्या कोपऱ्यात, बाकावर ठळक. कारण मी सगळ्यांना असं सांगत असे की लांब पाइप धरायचा तर तो मागेच हवा, पाइपाची शेपूट बाहेर काढता येते. हे खरंच आहे. पण त्याहून खरं हे की दार उघडलं की पहिल्यांदा व्हाइस दिसावा, असं मला वाटत होतं. रानात जमलेली माणसं तो बघायची. कुणी जाणता म्हातारा हात फिरवून म्हणायचा, 'जुना दिसतोय.' तेवढं ऐकायला मी रात्री दोनला उठून जात होतो, असं म्हटलं तरी चालेल.

दारांच्या आतल्या बाजूलाही तसंच. प्रत्येक पान्याची आकृती पांढऱ्या रंगानं काढून त्यावर खिळे मारले. १०-११, १२-१३, १४-१५ पासून थेट ३०-३२ पर्यंत, चढत्या रांगेत. पाना जागेवर नसला की पांढरी सावली दिसते. फडात पाचटाखाली पाना हरवला तर निघण्याआधी कळतं. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून प्रत्येकाला आडवा फास दिला, म्हणून पाने वाजत नाहीत. डोळे मिटून मला कुठलाही पाना काढता यायचा. लोक मोबाइलवर फोटो काढत. मी बाजूला उभा राहून हात पुसत राही आणि फोटो काढून होईपर्यंत बीडिंग साफ करण्याचं नाटक करी.

हल्ली दुसरी तऱ्हा आली आहे. पिकअपच्या हौद्यात चकचकीत कप्प्यांच्या पेट्या, आत फोममध्ये कापलेल्या जागा, प्रत्येक सॉकेट आपल्या बिळात. दिसायला सुंदर. पण फडातली धूळ आणि पाचट जाळल्यावरची काजळी त्या फोममध्ये जाऊन बसते, त्यात कधी ग्रीस सांडतं आणि दुसऱ्या हंगामाला तो फोम चिखल होतो. त्या पिकअपवाल्या पोरांच्या वेल्डिंगबद्दल न बोललेलंच बरं, पण बोलतो. तडा गेलेल्या चेसिसला ते वरून टाके मारतात. तडा कुठवर गेलाय ते बघत नाहीत, त्याच्या टोकाला भोक पाडून तो थांबवत नाहीत, ग्राइंडरनं खाच करत नाहीत. गंजावर, रंगावर, उसाच्या चिकट रसावर थेट रॉड लावतात. ७०१८ चे रॉड धुक्यात उघडे टाकतात आणि मग वेल्ड आतून फुटतो तेव्हा लोखंडाला शिव्या देतात. मी माझे रॉड बूच लावलेल्या पाइपात ठेवतो आणि ओलावले तर भट्टीत भाजून घेतो. वाळलेल्या पाचटात ठिणगी पडेल म्हणून पाण्याचा कॅन आणि चार ओली पोती उतरवल्याशिवाय मी सेट चालू करत नाही. त्यांच्यातल्या एकाकडेही मला पोतं दिसलेलं नाही. याचा राग येतो मला.

फिरतं दुकान काही आमच्या पिढीनं काढलेलं नाही. लहानपणी आमच्या गावाबाहेरच्या चिंचेखाली घिसाडी उतरायचे. गाडीत अख्खा संसार आणि अख्खा कारखाना. भाता, सांडशी, घण, ऐरण, त्यातच भांडी, कोंबड्या, पाळणा. पुरुष बसून सांडशीत लाल लोखंड फिरवायचा आणि बाई उभी राहून घण मारायची. तिचा घण आणि त्याची हातोडी यांचा ताल शाळेत ऐकू यायचा. कोयते, कुऱ्हाडी, विळे शेवटून घ्यायला सगळं गाव तिथं. मी तासन्‌तास बघायचो. निघताना ते गाडी भरत तेव्हा ऐरण सगळ्यात आधी चढायची, आखाच्या बरोबर वर, आणि बाकीचं सामान तिच्या मागंपुढं. मी हे पाहिलं होतं. माझा ट्रेलर बांधताना मला ते एकदाही आठवलं नाही.

गेल्या हंगामात माझ्याकडे एक पोरगा आला. बीडकडचा. आई-वडील टायरगाडी घेऊन तोडीला येतात, हा आयटीआयला फिटर ट्रेड करून आलेला. डावखुरा. पहिल्याच दिवशी मी त्याला जीपला ट्रेलर जोडायला सांगितला. त्यानं एका हातानं दांडा उचलला, डाव्या, आणि तसाच धरून उभा राहिला. जोडेना.

'काय झालं?'

'मिस्त्री, गाडी उलाळ हाय.'

हा शब्द मी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. बैलगाडी भरताना माल पुढं जास्त झाला तर गाडी धुरजड होते, बैलांच्या मानेवर ओझं येतं, खांदे सुजतात. मागं जास्त झाला तर उलाळ होते, जू वर उचलतं आणि जोत्याचा फास बैलांच्या गळ्याला बसतो. गाडीवानाचं पोर बैल जुंपायच्या आधी जू उचलून बघतं, तसं त्यानं पाहिलं होतं. मी त्याला म्हणालो, 'ही बैलगाडी नाही. जोड.' त्यानं जोडली. जाताना फरशीवर दोनदा खट् झालं. तो माझ्याकडे बघत होता, मी रस्त्याकडे.

आठवड्यानं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर मध्यरात्री रांग नव्हती. काट्यावरचा माणूस ओळखीचा. ट्रेलर सोडवून दांड्याच्या टेकूसकट काट्यावर घेतला: १२४० किलो. मग नुसती चाकं काट्यावर आणि दांडा बाहेर, ठोकळ्यावर: १२१०. म्हणजे हुकावर ३० किलो. एका चाकजोडीच्या ट्रेलरला एकूण वजनाचा दहावा हिस्सा तरी हुकावर हवा, सव्वाशे किलोच्या आसपास. तिसांवर काय होतं ते समजायला कागद-पेन्सिल लागत नाही. खड्ड्यात पाटे दबले की हुक खाली बसतो, उसळले की वर उचलतो. पिन एकदा खालच्या कडेला लागते, एकदा वरच्या. तेच खट्. पिन झिजल्यामुळे आवाज येत नव्हता, त्या आदळण्यामुळे पिन झिजत होती. मी चार वर्षं उलटं धरून बसलो होतो.

काट्याच्या दोन पावत्या खिशात घालून घरी आलो आणि रात्रभर झोपलो नाही. कारण ट्रेलर बांधला तेव्हा तो असा नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. तेव्हा जनरेटर पुढच्या भिंतीशी होता, ऑक्सिजनचं नळकांडं आखाजवळ उभं, बाजूच्या दारातून चढवायचं. व्हाइस एकटा मागे होता आणि त्याचा हिशेब मी पुढं ठेवलेल्या वजनात बसवला होता. मग कधी हललं सगळं?

ते मी हलवलं होतं. सहा वर्षांपूर्वी उजवा खांदा गेला. हात खांद्याच्या वर जात नाही, जड वस्तू शरीरापासून लांब धरवत नाही. घरच्यांना सांगितलं, गिऱ्हाइकांना नाही. मिस्त्रीचा खांदा गेला हे फडात कळलं की पुढच्या वेळी फोन पिकअपवाल्याला जातो. जनरेटर पुढून उचलून काढणं जमेना, म्हणून तो मागे आणला; फळी लावली की चाकांवर घरंगळत उतरतो. नळकांडं बाजूनं चढवणं जमेना, म्हणून तेही मागच्या दाराशी, बुडावर फिरवत न्यायला. पुढच्या वर्षी जॅक. मग साखळदंड. जे जे उचलवेना ते ते शेपटीला गेलं. दर वेळी एकच वस्तू, दर वेळी कारण रास्त. माझा हात जेवढा आखडला तेवढी गाडी मागं झुकली, आणि मी पिनी कातत बसलो.

अजून एक सांगायचं राहिलं. तीन वर्षांपूर्वी पुलाच्या उतारावर ट्रेलर शेपूट हलवल्यासारखा डावी-उजवीकडं झुलू लागला आणि जीप कठड्याला घासत थांबली. कुणाला लागलं नाही. मी सगळ्यांना सांगितलं, कुत्रं आडवं आलं. कुत्रं नव्हतं. मागं जड ट्रेलर वेगात झुलतोच. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नव्हतं.

पावसाळ्यात आम्ही ट्रेलर मोकळा केला. जनरेटर पुढच्या भिंतीशी गेला, नळकांडं आखाच्या किंचित पुढं, साखळीनं बांधून उभं, ग्रीसच्या डब्यापासून लांब. व्हाइसचं मात्र जमेना. लांब पाइपासाठी मागं हवाच, आणि रस्त्यावर मागं नको. चार दिवस आम्ही भांडलो. शेवटी पोरानं काढलं: व्हाइसला चौकोनी पाइपाचा जाड खांब, आणि तो बसेल अशा दोन खोबणी, एक आखावर, एक मागच्या दाराशी. प्रवासात आखावर, कामात मागं. खांबासकट व्हाइस ४५ किलोच्या घरात जातो. मला तो हलवता येत नाही. खोबणी वेल्ड करताना मला हे कळत होतं, आणि तरी वेल्ड मीच केला.

पाने त्यानं दुसऱ्या दारावर नेले, डाव्या हाताच्या. जुन्या दारावरच्या पांढऱ्या सावल्या तशाच आहेत. त्या पुसायला मी नाही म्हटलं. पुन्हा काट्यावर नेला: १२४०, आणि चाकांवर १११०.

यंदा डिसेंबरात रात्री एकला फोन आला. तोडणी यंत्राचा खालचा कटर तुटलेला. मी उठून कपडे घातले, अंगणात आलो तर त्यानं ट्रेलर जोडून जीप चालू ठेवली होती. म्हणाला, 'तुम्ही झोपा, मिस्त्री. धुकं लई हाय.' मी फाटक उघडून उभा राहिलो. लाल दिवा कोपऱ्यापर्यंत गेला. कोपऱ्यावर स्पीडब्रेकर आहे. जीपची पुढची चाकं गेली, मागची गेली, मग ट्रेलरची. मी कान देऊन उभा होतो. काही आलं नाही.