आता मला कडाक्याची थंडी हवी असते

हिवाळा जरा सौम्य झाला तर इथल्या माणसांचं बरंच होईल, असं मी नॉर्वेतल्या ट्रोम्सोला राहायला आले तेव्हा अगदी मनापासून म्हणत असे. नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य क्षितिजाखाली जातो आणि जानेवारीचा मध्य उलटेपर्यंत वर येत नाही. अशा गावात नाशिककडच्या मुलीला दुसरं काय वाटणार? हवामानबदल मी मानत होते. पण त्याची झळ उन्हाने पोळणाऱ्या देशांना, उत्तरेला मात्र थोडी ऊब, असा माझा हिशेब होता.

तो हिशेब मोडला एका जानेवारीतल्या पावसाने. पाऊस पाहून मी खूश झाले, आणि सोबत काम करणाऱ्या, इथल्या मूळनिवासी सामी समाजातल्या मैत्रिणीचा चेहरा उतरला. तिचं माहेर आतल्या पठारावरच्या कौतोकेइनोकडचं, घरात पिढ्यान्‌पिढ्या रेनडिअर पाळलेले. तिने लगेच भावाला फोन लावला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "पठारावरही पडला का रे?"

नंतर तिने मला नीट समजावलं. हिवाळ्यात रेनडिअर मुख्यतः लायकेन खातात. आपल्या मसाल्यातलं दगडफूल याच जातीचं. वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढणारं हे खाणं हिमाखाली असतं. जनावर वासाने ते हेरतं आणि खुराने उकरून काढतं. हिम भुसभुशीत असलं तरच हे जमतं, आणि ते भुसभुशीत ठेवते ती कोरडी, सलग थंडी. मध्येच पाऊस पडून पुन्हा गोठलं, की वर बर्फाचं कवच धरतं. चारा खाली तसाच राहतो आणि जनावर वर उपाशी मरतं.

२०१३ च्या नोव्हेंबरात सायबेरियातल्या यमाल द्वीपकल्पावर असंच झालं आणि सुमारे ६१,००० रेनडिअर दगावले. गाड्या ओढणारी जनावरंच गेल्यामुळे तिथल्या रेनडिअर पाळणाऱ्या नेनेट्स लोकांची काही कुटुंबं टुंड्रात अडकून पडली आणि मासेमारीवर जगली. हे वाचलं तेव्हा मला बाबांची द्राक्षबाग आठवली, मणी भरल्यावर कोसळणारा अवकाळी आठवला. त्या पावसाला मी कधी 'सुखद' म्हटलं नसतं.

मग मी थंडीकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. रेनडिअर तर तिच्यासाठीच घडलेला. त्याच्या डोळ्याच्या आतला परावर्तक पडदा उन्हाळ्यात सोनेरी असतो आणि हिवाळ्याच्या अंधारात निळा होतो, म्हणजे मिळेल तेवढा उजेड टिपता यावा. नर माजाचा काळ संपला की शिंगं टाकतात. गाभण माद्या मात्र मे महिन्यात विण्यापर्यंत ती राखतात आणि उकरलेल्या जागेवरचा हक्क त्यांच्या बळावर टिकवतात. वसंतात कळप पठारावरून किनाऱ्याकडे निघतात, तेव्हा नद्या-तळी गोठलेली असली तरच वाट सोपी होते. किती गोष्टी त्या गारठ्यावर उभ्या आहेत!

चित्र एकरंगी नाही, हेही सांगायला हवं. स्वालबार्डच्या बेटांवर उन्हाळा आणि शरद लांबल्यामुळे गवत वाढलं आणि काही भागांत रेनडिअरची संख्याही वाढली. पण तिथेच २०१९ मध्ये दोनशेहून अधिक जनावरं उपासमारीने मेलेली सापडली. आदल्या डिसेंबरातल्या पावसाने चारा कोंडला होता. म्हणून 'ऊब म्हणजे फायदा' हे विधान मी सोडून दिलं आहे, आणि गावाकडून कोणी फोनवर तसं म्हणालं तर मी वाद घालते.

कवच धरलं की आता पशुपालक विकतचा खुराक आणून टाकतात. खर्च मोठा, आणि एकाच जागी गर्दी झाली की डोळ्यांचे, तोंडाचे संसर्ग कळपात पसरतात. मैत्रिणीचा भाऊही काही हिवाळे हेच करतो आहे. डिसेंबर-जानेवारीत मी रोज पठारावरचं तापमान पाहते. उणे वीस दिसलं की बरं वाटतं. शून्याच्या वर गेलं की मीच आता तिला आधी विचारते, भावाकडे खुराक किती दिवसांचा आहे.