मोहर्लीचे घर आणि बारा गुलाब

नोकरदाराची निवृत्ती सेवापुस्तकात लिहिलेली असते. व्यापाऱ्याला मात्र गादीवरून कधी उठावे हे स्वतःच ठरवावे लागते. चंद्रपूरच्या एका धान्य व्यापाऱ्याने ते वयाच्या चौसष्टाव्या वर्षी ठरवले. पेढी मुलाकडे सोपवली आणि पत्नीसह मोहर्लीला राहावयास जाण्याचा निर्णय घेतला. शेठजींना पहाटेची शांतता हवी होती. शेठाणींना गुलाब हवे होते. बाजारपेठेतील दुकानावरच्या माडीवर त्यांचा चाळीस वर्षांचा संसार झाला. तेथे एक तुळस आणि कठड्यावर गुलाबाच्या दोन कुंड्या, एवढीच बाग होती. मोकळ्या मातीत लावलेला गुलाब पाहावा, ही इच्छा त्यांनी कधी बोलून दाखवली नव्हती. पण घरातील सर्वांना ती ठाऊक होती.

भद्रावती तालुक्यातील मोहर्ली हे ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे सर्वांच्या परिचयाचे प्रवेशद्वार. १९५५ साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले, १९८६ साली अंधारी अभयारण्य घोषित झाले आणि १९९५ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प आकारास आला. सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा गाभा आणि त्याभोवती सुमारे ११०० चौरस किलोमीटरचे बफर क्षेत्र असा त्याचा विस्तार आहे. जवळच इरई धरणाचा जलाशय आणि सभोवती साग-बांबूचे रान, अशी या गावाची बैठक आहे. पर्यटक येथे एक-दोन दिवस राहून वाघ पाहून जातो. येथे घर करणाऱ्याला मात्र वाघ दिसो वा न दिसो, त्याच्या शेजाराने राहावे लागते.

घर घेताना शेठजींनी व्यापाऱ्याची सावधगिरी सोडली नाही. शेतजमीन विकत घेण्यास खरेदीदार शेतकरी असावा लागतो. शिवाय आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीकडे पूर्वपरवानगीवाचून हस्तांतरित होऊ शकत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ मध्ये ही तरतूद आहे. या परिसरात ‘स्वस्तात मिळते’ म्हणून नजरेत भरणारी जमीन पुष्कळदा याच कारणाने स्वस्त असते. म्हणून त्यांनी गावठाणातील एक जुने घर पसंत केले आणि जुने फेरफार तपासल्यावरच इसार दिला.

घर मात्र पाहताक्षणी मनात भरावे असे होते. वर कवेलूंचे छप्पर, हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, पुढे लांबरुंद ओसरी, अंगणात कडुनिंब, दगडी भिंतीने बांधलेली विहीर आणि मागे दहा गुंठ्यांची मोकळी वाडी. चंद्रपूरचा उन्हाळा ४६-४७ अंशांपर्यंत जातो. त्या दिवसांतही या भिंतींच्या आत दुपार सुसह्य होत असे. गावाचा रिवाजही त्यांना परका वाटला नाही. अंधार पडल्यावर येथे विनाकारण कोणी बाहेर पडत नाही. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या घराला या नियमाची सवय निराळी करावी लागली नाही. पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर गाभा क्षेत्रातील पर्यटन बंद असते. रस्त्यावरच्या जिप्सी गाड्या थांबतात आणि गाव जणू चातुर्मासाला बसते. शेठाणींना मोहर्ली सर्वांत अधिक आवडली ती या तीन महिन्यांत.

दहा गुंठ्यांच्या वाडीत साठ गुलाब लावावयाचे, असा बेत ठरला. त्यासाठी मुलाने एका प्रसिद्ध गुलाबतज्ज्ञाची माहिती मिळवून दिली. डॉ. बेंजामिन पिअरी पाल हे मूळचे गव्हाचे शास्त्रज्ञ. तांबेरा रोगाला दाद न देणारे गहू तयार करण्यात त्यांची हयात गेली आणि १९६५ साली ते भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झाले. पण या गृहस्थांचा जीव गुलाबात गुंतलेला होता. आपल्या हवामानात तग धरतील असे अनेक वाण त्यांनी स्वतः निर्माण केले. त्यांच्या एका शुभ्र गुलाबाला ‘डॉ. होमी भाभा’ हे नाव आहे. देशाच्या अन्नाची चिंता वाहणारा माणूस फुलासाठी वेळ काढतो, ही गोष्ट शेठजींना विशेष भावली.

मे महिन्यात दोन फूट लांब, रुंद आणि खोल असे साठ खड्डे खणून उन्हात तापू दिले. मृगाच्या तोंडावर त्यांत माती, चांगले कुजलेले शेणखत आणि निंबोळी पेंड भरली. पावसाची पहिली झड ओसरल्यावर नागपूरहून आणलेली कलमे लावली. पहिला बहर दिवाळीनंतर यावयाचा होता. कळ्या आल्याही. परंतु एका पहाटे ओसरीत येऊन पाहतात तो निम्म्या झाडांचे शेंडे कोवळ्या पानांसह नाहीसे झालेले. मातीत चितळांच्या खुरांचे ठसे होते. चार दिवसांनी वानरांनी उरलेल्या कळ्या खुडल्या. महिन्याअखेर साळिंदराने दोन कलमांची मुळे उकरली. काट्यांचा धाक फक्त माणसाच्या बोटांना असतो, हे तेव्हा लक्षात आले. वाडीत काम करणारे वृद्ध गृहस्थ शांतपणे म्हणाले, “शेठजी, गुलाब तुमचे आहेत, पण वाट चितळांची आहे. घर रिकामे होते तेव्हापासून ते इकडूनच पाण्यावर जातात.”

कुंपणाचा विषय येथून सुरू झाला. बाहेरगावच्या एका ओळखीच्या माणसाने सोपा उपाय सुचवला: वाडीभोवती तार ओढावी आणि रात्री तिच्यात घरातील वीज सोडावी; एकदा झटका बसला की जनावर पुन्हा फिरकत नाही. हा ‘झटका’ म्हणजे काय, हे या जिल्ह्यांत कोणाला सांगावे लागत नाही. रानडुकरासाठी सोडलेल्या प्रवाहाने येथे वाघ मेले आहेत, गुरे मेली आहेत आणि माणसेही मेली आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गंभीर गुन्हा आहे. शेठाणींनी ते ऐकले आणि ताटावरून उठता उठता एवढेच म्हणाल्या, “अहो, फुलासाठी जीव जाणार असेल, तर मला माझ्या दोन कुंड्याच बऱ्या.”

शेठजींनी सौर कुंपणाची चौकशी केली. त्यातील प्रवाह क्षणभराच्या ठोक्याने वाहतो. जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. भाताच्या बांधीला असे कुंपण घालणाऱ्या शेतकऱ्याला कोणी दोष देऊ नये, कारण त्याच्या कुंपणाआड वर्षाचे अन्न असते. पण शेठजींच्या कुंपणाआड हौस होती. हौसेसाठी एका कळपाची पाण्याची वाट अडवावी काय, हा प्रश्न त्यांना काही रात्री सतावत राहिला.

आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगितले जातात: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थाला चूल पेटवावी लागते, अंगण झाडावे लागते, व्यापार करावा लागतो. शेवटच्या तीन प्रकारांतून त्याची पूर्ण सुटका नाही. संकल्पी हिंसा मात्र त्याने करू नये आणि बाकीची शक्य तितकी आवरावी, अशी अपेक्षा आहे. वीज सोडलेल्या तारेला ‘संरक्षण’ म्हटले, तरी जीव जाईल हे ठाऊक असून ती ओढणे हा संकल्पच आहे. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट शेठजींच्या ध्यानात आली ती निराळी होती. साठ झाडे होती म्हणून कुंपणाचा विचार आला. जितके अधिक बाळगावे तितके अधिक राखावे लागते, आणि राखणाऱ्याचा हात हळूहळू कठोर होत जातो. परिग्रहाचे परिमाण ठरवताना आपल्या पूर्वसूरींनी क्षेत्र आणि वास्तू यांचा उल्लेख आवर्जून केला. अपरिग्रह आणि अहिंसा ही दोन स्वतंत्र व्रते म्हणून आपण पाठ करतो. प्रत्यक्षात पहिल्याला मर्यादा घातली नाही, तर दुसरे पाळणे दिवसेंदिवस अवघड होते.

मोठ्या बागेचा मोह राजघराण्यांनाही आवरलेला नाही. नेपोलियन इजिप्तच्या मोहिमेवर असताना १७९९ साली त्याची पत्नी जोसेफिन हिने पॅरिसजवळ माल्मेझोंचे घर घेतले आणि तेथे दूरदूरचे गुलाब जमवले. तिच्या खर्चाला अंत नव्हता आणि कर्जालाही नव्हता. १८१४ मध्ये ती निवर्तली आणि त्या उद्यानाची रया गेली. आज त्या काळच्या गुलाबांची ओळख लोकांना आहे ती मुख्यतः रदूते या चित्रकाराने १८१७ ते १८२४ या काळात प्रसिद्ध केलेल्या चित्रांमुळे. जमवलेली बाग मागे उरत नाही, हे त्या हिशेबाचे तात्पर्य.

मोहर्लीच्या घरी हिशेब लवकर उरकला. विहीर आणि ओसरी यांच्या मधल्या अंगणाला आधीच कमरेइतकी दगडी भिंत होती. तिच्यावर साधी जाळी बसवली. या जागेत अडीच-अडीच फुटांवर बारा गुलाब मावत होते. म्हणून बाराच ठेवले. चार तांबडे ‘ग्लॅडिएटर’, दोन पांढरे ‘डॉ. होमी भाभा’, दोन पिवळे आणि चार सुवासिक देशी. उरलेली कलमे चंद्रपूरच्या नातलगांना दिली, खड्डे बुजवले आणि मागची वाडी मोकळी सोडली. तेथे गवत वाढू द्यावयाचे. पण बिबट्याला आडोसा मिळेल असे दाट झुडूप घराजवळ होऊ द्यावयाचे नाही, आणि फेब्रुवारीपासून वणव्याच्या भीतीने भिंतीलगतचा पाचोळा साफ ठेवावयाचा, एवढी शिस्त मात्र कसोशीने पाळली.

बारा झाडे असली की प्रत्येकाची प्रकृती ठाऊक होते. ऑक्टोबरमध्ये पाऊस सरल्यावर छाटणी होते. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर तिरका काप द्यावा, कापावर मोरचूद आणि चुन्याचा लेप लावावा, म्हणजे शेंडेमर उतरत नाही. पुढे सहा ते आठ आठवड्यांत फूल येते. कलमाच्या सांध्याखालून खुंटाला फूट आली तर ती वेळीच काढावी, अन्यथा रानगुलाब वाढतो आणि वरचा गुलाब उपाशी मरतो. एप्रिल-मेमध्ये फुलांचा आग्रह धरू नये. पश्चिमेकडून हिरव्या जाळीची सावली द्यावी, पहाटे पाणी द्यावे आणि झाडाला नुसते जगू द्यावे.

मावा येतोच. साठ झाडे असती तर पंपाने विषारी औषध फवारण्यावाचून गत्यंतर नव्हते. बारा झाडांना तो शेंडा अलगद खुडून दूर गवतात ठेवता येतो आणि कडुनिंबाच्या अर्काचा सौम्य फवारा पुरेसा होतो. फवारा नसला की काही दिवसांत ठिपक्यांचे ढालकिडे येऊन मावा आटोक्यात ठेवतात. यात हिंसा शून्य झाली, असे शेठाणी म्हणत नाहीत. ती मोजता येईल इतकी कमी झाली, एवढे समाधान त्या मानतात.

तीन वर्षांचा जमाखर्च शेठजींनी वहीत मांडला आहे. नावे बाजूला कलमे, खत, जाळी आणि मजुरी. जमा बाजूला रुपयांची नोंद नाही. दोन बरण्या गुलकंदाची आहे. शिवाय मागच्या वाडीतून चितळे अजून पाण्यावर जातात आणि ओसरीतून ती स्पष्ट दिसतात. मुलगा अधूनमधून नव्या वाणाचे चित्र मोबाइलवर पाठवतो. शेठाणींचे उत्तर ठरलेले आहे: नवा हवा असेल तर आधी जुन्या एकाला चांगले घर शोधून दे.

याच रिवाजाने देशी गुलाबाची छाटणीतली काडी त्या फेकत नाहीत. वीतभर कापून ओल्या मातीत रुजवतात आणि गावातील बायकांना देतात. आज मोहर्लीतील सात-आठ अंगणांत तो गुलाब फुलतो. कोणाच्या दारात किती फुले आली, हे त्या रोजच्या बोलण्यात आवडीने विचारतात. पण त्यांच्या स्वतःच्या वहीत झाडांचा आकडा बाराच आहे.