एकाच चुलीवरची दोन गावं

मॉरिशसला जायचं ठरलं, तेव्हा सासूबाईंचा पहिला प्रश्न होता, “तिथं आपल्या तोंडाला रुचेल असं काही मिळतं का गं?” धाकट्याचा प्रश्न, “ज्वालामुखी दिसेल का?” ह्यांचा प्रश्न अर्थातच खर्चाचा! पण रिकरिंगचे पैसे नेमके हाती आले होते, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाचजण निघालो. सातवीतल्या लेकीला मात्र काही प्रश्नच नव्हता. तिला फक्त समुद्रकिनारा हवा होता.

मुंबईहून विमानानं सहा-साडेसहा तास लागतात आणि घड्याळ दीड तास मागं करायचं. बेट लहानसं, उत्तर-दक्षिण जेमतेम ६५ किलोमीटर. समुद्र सुंदर आहेच, पण मला आधी दिसले ते दगड! रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, तोडणीचे दिवस, आणि मोकळ्या झालेल्या शेतांत काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग. सासूबाई गाडीतून बघत म्हणाल्या, “अगोबाई, हा तर आपल्या कामणचाच दगड!”

आम्ही सगळे हसलो. पण त्या फारशा चुकल्या नव्हत्या बरं का.

दुसऱ्या दिवशी क्युरपीप गावातलं ज्वालामुखीचं विवर पाहिलं. हे गाव उंचावर आहे, पाऊस केव्हाही येतो. छत्री आणि एखादी शाल जवळ असू द्यावी. काठावरून वाकून पाहिलं तर आत गर्द झाडी आणि तळाशी थोडं पाणी. धूर नाही, आग नाही. धाकटा हिरमुसला. मग मी त्याला माझ्या पद्धतीनं समजावलं. पृथ्वीच्या पोटात एक चूल आहे असं समज. चूल जागची हलत नाही, वरचा तवा मात्र हळूहळू सरकतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी त्या चुलीवर आपला मुलूख होता. तेव्हा उतू गेलेल्या लाव्ह्याच्या थरांतून आपला सह्याद्री झाला, आपले तुंगारेश्वरचे डोंगर झाले. मग तवा उत्तरेकडे सरकत गेला. त्याच चुलीवर पुष्कळ उशिरा, सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी, मॉरिशस समुद्रातून वर आलं. आता ती चूल शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे, तिथला ज्वालामुखी अजून अधूनमधून पेटतो.

“म्हणजे आजीचं बरोबर होतं!” धाकटा ओरडला. सासूबाईंची मान ताठ झाली ती प्रवास संपेपर्यंत.

गंगा तलाव हेही असंच जुनं विवर, पाण्यानं भरलेलं. महाशिवरात्रीला तिथं बेटभरातून लोक पायी येतात. सासूबाईंना लगेच तुंगारेश्वरची जत्रा आठवली. जेवणाची काळजीही मिटली होती. तिथं रस्त्यावर दालपुरी मिळते. डाळ वाटून पोळीत भरायची, म्हणजे आपली गुळाविना पुरणपोळीच म्हणा ना! दोन पोळ्या एकीवर एक ठेवून वर भाजी नि चटणी घालून गुंडाळून देतात.

पोर्ट लुई शहरातला आप्रवासी घाट मात्र बघताना घशाशी आलं. १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर आणले, ते पुढं इथं उतरत. सारे मिळून जवळजवळ साडेचार लाख माणसं या बेटावर आली. मुंबई बंदरातून निघालेली रत्नागिरी-साताऱ्याकडची आपली माणसंही त्यांत होती. घाटाच्या सोळा दगडी पायऱ्या आहेत. २००६ साली घाट जागतिक वारसा म्हणून जाहीर झाला. शेतातले ते दगडांचे ढीग मला तिथं पुन्हा आठवले. ऊस लावायचा तर आधी जमीन दगडांतून मोकळी करायला हवी. कुणाकुणाच्या हातांनी ते दगड वेचले असतील!

आमचं मराठी ऐकून गाडीचा चालक म्हणाला, “माझी आजी मराठी.” आणि त्यानं आम्हाला कास्कावेलला आपल्या घरीच नेलं. हे मराठी वस्तीचं गाव. गणेशचतुर्थीची तर या देशात सार्वजनिक सुट्टी असते. आजी ऐंशीच्या पुढच्या. घरात बोलणं सगळं क्रिओल भाषेत. पण आम्हाला पाहून म्हणाल्या, “या, बसा. जेवून जावा.” त्यापुढं शब्द सापडेनात, तेव्हा त्यांनी हात धरून मला स्वयंपाकघरात नेलं. कोपऱ्यात काळा पाटा-वरवंटा! त्यांच्याकडं त्याला ‘रोश कारी’ म्हणतात आणि वरवंट्याला ‘बाबा’, म्हणजे बाळ. सासूबाईंना हसू आवरेना. आपल्याकडे बारशाला वरवंट्यालाच बाळ करून पाळण्यात घालतात की!

तेवढ्यात आजींचा दहा वर्षांचा पणतू शाळेचं मराठीचं पुस्तक घेऊन आला. तिथल्या शाळांत मराठी शिकता येतं. त्यानं एक धडा बोट ठेवून, सावकाश, पण न अडता वाचला. मग पुस्तक माझ्या लेकीपुढं धरलं. तिची शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी हा तिचा नावडता विषय. दुसऱ्याच ओळीत जोडाक्षराला ती अडली, लाल झाली, आणि माझ्याकडं बघू लागली. मी अर्धवेळ का होईना, मराठी शिकवणारी बाई! दुसऱ्यांच्या मुलांच्या वह्या तपासता तपासता माझ्या घरातली वही राहूनच गेली होती. कुणी काही बोललं नाही. आजींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, एवढंच.

घरी आल्यावर मी उपदेश केला नाही. मिक्सर आल्यापासून मागच्या दारी पडलेला पाटा फक्त धुऊन आत घेतला. त्यावर वाटलेली चटणी आता मुलं मागून घेतात. परवा लेकीनं त्या मुलाला पाठवायला पत्र लिहिलं, सात ओळींचं, मराठीत. चार चुका होत्या. मी एकही दुरुस्त केली नाही. पत्र तसंच पाकिटात घातलं.