नाशिकरोडची ट्राम आणि सासूबाईंची पायरी

नाशिकरोड स्टेशनात उतरलं की आपल्याला घाई असते ती रामकुंड गाठायची, हो ना? पण मैत्रिणींनो, पुढच्या खेपेला स्टेशनाबाहेर पाच मिनिटं थांबा. इथून एके काळी चक्क ट्राम सुटत असे! 1889 साली सुरू झालेली. दोन डबे, ओढायला चार घोडे आणि अडीच फुटी रूळ. मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेच्या इमारतीपर्यंत, आठ-दहा किलोमीटर ती जायची. तेव्हा वाटेत वस्ती कुठली, नुसती झाडी. 1931 ते 1933 च्या सुमारास ती बंद पडली.

ही ट्राम मला आठवली ती सासूबाईंमुळे. गेल्या श्रावणात त्यांना गोदास्नानाला आणलं. बस आली. त्यांनी दांडी धरली, पाऊल उचललं आणि परत खाली ठेवलं. "तुम्ही जाऊन या गं, मी बसते इथंच." मला वाटलं, हट्ट करताहेत. जवळ गेले तर डोळे भरलेले. गुडघे दुखतात हे चारचौघांत सांगायची लाज! शेवटी रिक्षा केली.

घरी आल्यावर पट्टी घेऊन जिना मोजला. आपली पायरी साडेसहा इंच. जुन्या पद्धतीच्या बसची पहिलीच पायरी त्याच्या दुपटीहून उंच, आणि वर आणखी दोन!

यावर उपाय नाही असं नाही बरं का. फ्रान्समधल्या ग्रेनोबल गावात 1987 साली नवी ट्राम धावू लागली. अपंगांच्या संघटनांनी आग्रह धरला, म्हणून तिची जमीन रस्त्यापासून जेमतेम चौदा इंचांवर ठेवली. थांब्याचा ओटाही उंच केलेला; म्हणजे चढायचं जवळजवळ नाहीच, उंबरा ओलांडावा तसं आत जायचं. आताच्या अशा ट्रामगाड्यांत बरीचशी यंत्रं टपावर असतात आणि पुष्कळ ठिकाणी दोन चाकांमधला आडवा कणाच काढून टाकलेला असतो. बाबागाडी, चाकाची खुर्ची, भाजीची पिशवी, सगळं सरळ आत!

2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकसाठी 'मेट्रो निओ'ची घोषणा झाली. रबरी चाकांची, विजेच्या तारांवर चालणारी गाडी. गावात कुठलीही नवी गाडी येवो, आपण बायकांनी तिचा रंग नि वेग नंतर विचारावा. आधी विचारावं, "पायरी किती इंचांची?"

सासूबाईंना रामकुंडावर पुन्हा जायचंय. या वेळी पायरीचं मी आधीच बघून ठेवणार आहे.