ऐबी घोडा

१८७२ सालच्या भारतीय करार कायद्यात एक घोडा आहे. कायद्याच्या पुस्तकात करमणूक शोधणारा मी मनुष्य नव्हे. पण जुनी मोटार विकायला काढली आणि या घोड्याची अन् माझी गाठ पडली. फसवणूक कशाला म्हणावे हे सतराव्या कलमात सांगितले आहे, आणि त्याखाली उदाहरणादाखल हा घोडा उभा केला आहे. मालकाला त्याचा ऐब ठाऊक आहे. लिलावात तो घोडा विकतो आणि ऐबाबद्दल अवाक्षर काढत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे.

हे वाचून मला केवढा धीर आला! कारण माझ्या गाडीलाही ऐब होता. निदान असावा, असा संशय होता. गाडी मी घेतली तीच जुनी, आणि तीही बँकेच्या कर्जाने. चार वर्षे तिने सालसपणे काढली. मग या उन्हाळ्यात पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकीच्या चढावर तिचा काटा तापला. पुढे रेडिएटरमधले पाणी कमी होऊ लागले. जमिनीवर एक थेंब नाही, आणि पाणी तर कमी! सकाळी गाडी सुरू केली की मागून पांढरा धूर निघे, आणि तो अंमळ जास्तच रेंगाळे. गॅरेजवाल्याने तेलाचे झाकण काढून आतली बाजू बोटाने पुसली, बोटाकडे पाहिले आणि म्हणाला, "हेड गॅसकेट असेल, गुरुजी. नसेलही. खोलल्याशिवाय कळायचं नाही." गॅसकेटवर भागले तर खर्च सोसण्याजोगा; पण तापून हेडच वाकले असले तर गोष्ट वेगळी. मग आवाज उतरवून तो म्हणाला, "विकायचीच आहे ना? पाण्यात औषध टाकून देतो. महिनाभर कुणाला पत्ता लागणार नाही."

औषधाला मी नको म्हटले. जाणूनबुजून दोष झाकणे ही फसवणूक, असे तेच कलम स्वच्छ सांगते. मौनाचे मात्र ठरेना. घरातून सल्ला मिळाला, "विचारलं तर सांगा. आपणहून कशाला?"

प्रश्न नुसता नीतीचा असता तर मी तो नववीच्या मुलांना निबंधाला घालून मोकळा झालो असतो! तो हिशेबाचा होता. कर्ज १,६२,००० रुपये उरले होते आणि निर्दोष गाडीला दोन लाखांच्या आसपास आले असते. ऐब सांगावा तर किंमत कर्जाच्याही खाली जायची. म्हणजे गाडी गेली आणि हप्ते राहिले. शिवाय आरसी बुकावर बँकेचा बोजा. बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हाती आल्यावाचून तो उतरत नाही. घेणारा म्हणतो, आधी बोजा उतरवा. विकणारा म्हणतो, उतरवायला तर तुमचे पैसे हवेत! मग लोक स्टँपपेपरवर चार ओळी खरडून गाडी देऊन टाकतात, आणि नाव जुनेच राहते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा एका प्रकरणात सांगितले, की अपघात झाला तर नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक, आणि भरपाईचा भार त्याच्यावर. म्हणजे गाडी दुसऱ्याच्या दारात, ऐब तिच्या पोटात आणि नाव माझे. रात्री या विचाराने झोप येत नसे.

गिऱ्हाईक आले ते माझा जुना विद्यार्थी होऊन. कायद्यातला घोडा एवढ्यात संपत नाही. घेणारी जर मालकाचीच नुकती वयात आलेली मुलगी असेल, तर त्याने बोललेच पाहिजे, असे पुढचे उदाहरण आहे. विद्यार्थ्याचा उल्लेख नाही. मी जरा निःश्वास टाकतो आहे, तोच मुलाने बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाला, "सर, तुम्ही काही बोलत नाही म्हणजे गाडी चांगलीच असणार." तिसरे उदाहरण नेमके हेच आहे! नाही म्हटले नाहीस तर घोडा निरोगी समजतो, असे घेणारा म्हणाला, की मालकाचे मौन हे बोलण्यासारखेच. दीडशे वर्षांपूर्वीच्या मसुदाकाराने हा मुलगा कुठे पाहिला होता, देव जाणे.

मी सगळे सांगितले. पाणी, धूर, खंबाटकी, औषधसुद्धा. मला वाटले होते, त्याला बरे वाटेल. त्याचा चेहरा उतरला. "आणखी काय आहे, सर?" त्याने विचारले. आणखी काहीच नव्हते. पण ते त्याला पटेना. इतके आपणहून सांगणारा माणूस किती दडवत असेल, हा हिशेब मी त्याच्या डोळ्यांत स्पष्ट वाचला. औषध टाकून गप्प बसलो असतो, तर त्याने हसत पैसे मोजले असते आणि जाताना पायाही पडला असता.

दोन दिवसांनी तो आपला मिस्त्री घेऊन आला. घासाघीस होऊन १,७०,००० ठरले. १,६२,००० त्याने थेट माझ्या कर्जखात्यात भरले, आठ हजार माझ्या हातावर ठेवले. पैसे त्याचे गेले आहेत, पण बँकेचे पत्र अजून यायचे आहे. तोवर गाडी माझ्याच दारात राहील, असे मी ठरवले. दर रविवारी सकाळी तो येतो, चहा घेतो आणि बॉनेट उघडून पाणी किती उरले ते बघतो. गेल्या खेपेस घरून येताना त्याने पाण्याची बाटलीच बरोबर आणली होती.