देवगिरीच्या खांबांची साक्ष

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या जैन लेण्यांकडे निघालेले यात्रेकरू वाटेत दौलताबादला थांबतात. चाँद मिनार पाहतात आणि बालेकिल्ल्याच्या चढाकडे वळतात. मिनारापासून जवळच, भारतमाता मंदिर म्हणून ओळखली जाणारी खांबांची एक विस्तीर्ण वास्तू आहे. तेथे अर्धा तास देणारे थोडेच. जैन कुटुंबांनी मात्र तो अवश्य द्यावा.

ही मूळची जामा मशीद. यादवांची सत्ता संपुष्टात आणल्यावर दिल्लीचा सुलतान कुतुबुद्दीन मुबारकशाह खिलजी याने १३१८ मध्ये ती उभारली. १९४८ मध्ये येथे भारतमातेची मूर्ती स्थापन झाली. पश्चिमेच्या भिंतीतील मिहराब, त्यापुढील स्तंभयुक्त दालन आणि समोरचे मोकळे अंगण पाहता आराखडा मशिदीचाच आहे. खांब मात्र मंदिरांचे आहेत. परिसरातील मंदिरांचे दगड येथे पुन्हा वापरले गेले, म्हणून त्यांची घडण सर्वत्र सारखी नाही. अंगावर कोरीव काम, माथ्यावर तुळईचा भार पेलणारे हस्त, अशी ही मंदिराच्या रंगमंडपाची रचना नमाजाच्या दालनाला आधार देत उभी आहे.

हे खांब पाहून वेरूळला इंद्रसभेत शिरावे. तेथील स्तंभांवर, घटपल्लवाच्या नक्षीवर दृष्टी टाकताच दगडकामाची एकच दीर्घ परंपरा ध्यानात येते. लेण्यांच्या वर, डोंगरावर भगवान पार्श्वनाथांची भव्य मूर्ती आहे. तिच्या लेखात शके ११५६, म्हणजे इ. स. १२३४-३५ हे वर्ष आणि चक्रेश्वर या दात्याचे नाव आढळते. देवगिरीची मशीद उभी राहिली ती यानंतर सुमारे ८३ वर्षांनी. श्रावकांचे दान आणि पाथरवटांची छिन्नी यादवकाळात या भूमीत नांदत होती, याची ही लेखी खूण आहे.

देवगिरीत हा वारसा मशिदीत पोहोचला तो विजेत्याच्या हातून, मंदिरांच्या हानीतून. पण कलेचा प्रवास नेहमी याच वाटेने झाला नाही. कच्छमधील भद्रेश्वर हे जैन व्यापाऱ्यांचे बंदर. तेथे ११५९-६० च्या सुमाराची मुस्लिम वास्तू आहे आणि तिची घडण गुजरातच्या मंदिरशैलीची आहे. समुद्रापलीकडून आलेल्या व्यापाऱ्यांना प्रार्थनास्थळ हवे होते. स्थानिक कारागिरांनी आपल्या परिचित रीतीने ते बांधले. दुष्काळात धान्याची कोठारे खुली करणाऱ्या जगडूशाहांनी मशीद बांधवल्याचा उल्लेख ‘जगडूचरित’ या जैन ग्रंथातच आहे. ज्याच्याशी व्यवहार करायचा, त्याच्या श्रद्धेलाही जागा द्यायची, ही त्या पेठेची रीत होती.

पुढे अहमदाबादच्या १४२४ च्या जामा मशिदीत मंदिरशैलीच्या २६० खांबांचे दालन उभे राहिले. संभाजीनगर शहरात मलिक अंबरने १६१२ च्या सुमारास बांधलेल्या जामा मशिदीत टोकदार कमानी आहेत, आणि त्यांच्यावरील छज्जा दगडी हस्तांवर पेललेला आहे. खांब, तुळई आणि हस्त यांची मंदिरातील भाषा एव्हाना दख्खनच्या मुस्लिम वास्तुकलेनेही आपली मानली होती.

देवगिरीचे खांब पाहताना कोणी केवळ विध्वंस आठवतो, तर कोणी केवळ समन्वयाचे गोडवे गातो. दोघांच्या म्हणण्यात सत्याचा अंश आहे, पूर्ण सत्य नाही. ज्या समाजाला अनेकांताची शिकवण लाभली, त्याला मोडलेल्या मंदिराचे दुःख आणि कारागिराच्या कौशल्याचा आदर एकाच वेळी मनात बाळगणे कठीण जाऊ नये. वेरूळच्या यात्रेत मुलाबाळांना इंद्रसभेबरोबर हे दालनही दाखवावे. तेथे खांब कोणाचा, हे सांगावे. तो येथे कसा आला, हेही सांगावे. आणि भद्रेश्वरची गोष्ट सांगायला विसरू नये.