‘एवढा जड डाग, तो कुठं जातोय!’

चाकण एमआयडीसीत जड माल हाताळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी हे वाक्य असतं. मी इथल्या एका पत्रा कापणाऱ्या कारखान्यात डिस्पॅच बघतो. पोलादी पत्र्याच्या कॉइल गाड्यांवर चढवून म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडीच्या कारखान्यांकडे रवाना करायच्या, हे माझं काम. या एका वाक्याच्या भरवशावर माणसं जीव धोक्यात घालतात, म्हणून हे लिहितो आहे.

एका पावसाळ्यात आमच्याकडून निघालेली गाडी तळेगाव चौकातल्या गर्दीतून हळूहळू पुढे चालली होती. समोर दुचाकी आडवी आली, चालकानं ब्रेक दाबला आणि हौद्यातली दहा टनांची कॉइल हातभर पुढे सरकून केबिनमागच्या जाळीला टेकली. जाळी वाकली, कुणाला लागलं नाही. चालक बीडकडचे, वयानं मोठे. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. संध्याकाळी गाडी परत आली तेव्हा त्यांनी मला सरळ विचारलं, ‘साहेब, धा माणसांनी ढकललं तरी न हलणारा डाग, नुसत्या ब्रेकनं कसा सरकला?’

इतका नेमका प्रश्न शाळा-कॉलेजच्या वर्गातही कधी कुणी विचारलेला मला आठवत नाही.

उत्तर तोंडी देण्यापेक्षा दाखवावं असं ठरवलं. शेडमध्ये एक सपाट पत्रा घेतला, त्यावर दोन पोलादी तुकडे ठेवले. एक तळहाताएवढा, दुसरा उचलायला दोन माणसं लागतील असा. दोन्हींच्या खाली कॉइलवर असतं तसंच तेल होतं. मग हायड्रा क्रेनवाल्याला पत्र्याचं एक टोक सावकाश वर घ्यायला सांगितलं. पोरं बाजूला सरकून उभी राहिली. मोठा तुकडा जागचा हलणार नाही, याबद्दल सगळ्यांची खात्री होती. पत्रा तिरपा होत गेला आणि दोन्ही तुकडे एकाच सुमारास घसरायला लागले. मामांनी तोच प्रकार परत करायला लावला, या वेळी तुकड्यांच्या जागा बदलून. तेच झालं.

तुकडा घसरला तिथं टेप धरली. जमिनीवरच्या एका मीटरला पत्रा साधारण 20 सेंटिमीटर उचलला गेला होता. उंचीला जमिनीवरच्या अंतरानं भागलं की घर्षणांक मिळतो: 0.2. मग तुकड्यांखाली जुन्या रबराची पट्टी टाकली, पत्रा आणि रबर कोरडे पुसून घेतले. आता घसरायला मीटरला 60 सेंटिमीटरच्या आसपास चढ लागला. वजन तेच, खालची वस्तू बदलली एवढंच.

पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे गियोम आमाँताँ यांनी 1699 मध्ये हेच मांडलं होतं: घर्षण दाबाच्या प्रमाणात वाढतं. वस्तू दुप्पट जड झाली की घर्षण दुप्पट होतं, हे खरं. पण तिला थांबवायला लागणारा जोरही दुप्पट होतो. दोन्ही एकमेकांना फिटून जातात. शेडमधला जड डाग दहा जणांना हलत नाही, कारण दहा जणांचा जोर त्याच्या घर्षणापुढे कमी पडतो. ब्रेक मात्र कॉइलला ढकलतच नाही. ब्रेक थांबवतो गाडीला. कॉइल आपल्या आधीच्या वेगानं पुढे जातच असते, आणि तिला अडवायला खालचं घर्षण तेवढं असतं.

ताशी 40 किलोमीटरवर जोरात ब्रेक मारला तर गाडी 12 मीटरच्या आसपास थांबते. तेलकट लोखंडावरच्या कॉइलला नुसत्या घर्षणावर थांबायला 30 मीटर लागतात. मधे केबिन असते, आणि केबिनमध्ये माणूस.

‘मग बेल्ट कशाला बांधतो आपण?’ हा मामांचा पुढचा प्रश्न. डागावरून आडवा टाकलेला बेल्ट त्याला मागे ओढून धरत नाही, खाली दाबून धरतो. यानं डागाचं वजन न वाढता घर्षण वाढतं, ही त्याची खुबी. पण हिशेब केला तर पोटात गोळा येतो. रॅचेटनं चांगला ताणलेला बेल्ट एका बाजूला 500 किलोचा ताण देतो असं धरलं, तर दोन्ही बाजू मिळून हजार किलोचा दाब. तेलकट पत्र्यावर त्यातून 200 किलोचीच पकड मिळते. 12 मीटरांत गाडी थांबवणाऱ्या त्या ब्रेकला दहा टनांची कॉइल रोखायला पाच टनांचा जोर हवा, तिच्या स्वतःच्या वजनातून दोन टन मिळतात. उरलेल्या तीन टनांसाठी पंधरा बेल्ट! कोरडी रबरी मॅट एकटी सहा टनांची पकड देते. युरोपातल्या नियमांत पुढच्या दिशेला वजनाच्या 80 टक्के जोर धरायला सांगितलाय, त्यामुळे मॅटवरही साखळ्या आणि पुढे भक्कम ठोकळे हवेतच. पण सुरुवात मॅटपासून.

चाकणच्या महात्मा फुले मार्केटमधल्या हमालांना यातलं काही शिकवावं लागत नाही. तागाच्या गोणीची थप्पी उंच लावतात, गुळगुळीत प्लास्टिकची गोणी आली की थप्पी आखूड ठेवतात. त्यांच्या हाताला पकड कळते. आमच्याकडे प्रत्येक गाडी काट्यावर जाते, वजन किलोपर्यंत छापून येतं, आणि हौद्याच्या तळाला तेल आहे की माती, हे कुठल्याच कागदावर येत नाही. मला हे फार खटकतं. आमच्या गेटपासवर मी आता दोन रकाने वाढवून घेतलेत: तळ पुसला का, मॅट टाकली का.

तरी अडचणी आहेतच. रात्रपाळीला तळ पुसायला कुणाला वेळ नसतो, तेल प्यायलेली मॅट निकामी होते, आणि गाडीबरोबर गेलेल्या मॅट परत येत नाहीत. मामांनी त्यावर उपाय काढलाय: दोन मॅट स्वतःच्या पैशानं घेतल्यात, त्या सीटखाली ठेवतात आणि माल उतरला की आधी त्या मोजून घेतात. ते पैसे त्यांच्या खिशातून जाऊ नयेत, यासाठी माझा अर्ज सध्या वरच्या साहेबांच्या टेबलावर आहे.